शेलूबाजारहून दोन वाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं गाव शेलूबाजार. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं, बाजाराचं आणि फाट्याचं गाव. नागपूर-औरंगाबाद हा जुना रस्ता गावातूनच जातो. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा स्टँडवर उभं राहिलं की एक गंमत दिसायची. रस्त्याच्या एका कडेला एसटी थांबायची, तिच्यावर पाटी 'नागपूर'. समोरच्या कडेला थांबायची, तिच्यावर पाटी 'औरंगाबाद'. कारंज्याकडे तोंड केलं की नागपूर आणि मालेगाव, मेहकरकडे तोंड केलं की औरंगाबाद. दोन्हीकडे पोहोचायला अर्धा दिवस मोडायचा. त्यामुळे गावातलं कुणी नुसतं फिरायला म्हणून यातल्या एखाद्या शहरात गेल्याचं ऐकलं नव्हतं. जायचं ते कामानं. काम झालं की मिळेल त्या गाडीनं परत.

मग समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा जोडला जाऊन तो मुंबईच्या दारापर्यंत गेला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर चढायची-उतरायची एक जागा आमच्या शेलूबाजारला आहे. नागपूर इथून साधारण २१० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर, तेही जवळपास तितकंच. बेताच्या वेगानं चालवली तरी गाडी अडीच-तीन तासांत दोन्हीपैकी कुठल्याही शहरात. तराजूच्या काट्यावर बसावं तसं आमचं गाव आता मधोमध बसलंय.

आणि इथेच आमच्या घरातली पंचाईत सुरू झाली. जोवर दोन्ही शहरं दूर होती तोवर कुठे जायचं हा प्रश्न नव्हता. जवळ आली आणि प्रश्न उभा राहिला.

आमचं कृषी केंद्राचं दुकान आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. ज्यांच्या घरी हा धंदा आहे त्यांना सांगायला नको की मृग लागायच्या आधीपासून ते हरभऱ्याचा पेरा उरकेपर्यंत दुकान सोडता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेव्हा माझी सुट्टी वेगळी, मुलांची वेगळी आणि ह्यांची तर नाहीच. गेल्या दिवाळीनंतर मात्र जुळून आलं. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी ओसरली होती आणि शाळा उघडायला चार दिवस होते. रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस हाती लागले. हे म्हणाले, "दोन मुक्काम, तीन दिवस. बारा हजारांच्या वर जायचं नाही. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा."

माणसं पाच. आम्ही दोघं, नववीतली लेक, पाचवीतला मुलगा आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते. वय शहात्तर. प्रकृती ठणठणीत, चालणं शेतकऱ्याचं. पण डोळ्यांना काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी तो लक्षात आला तोवर बरीच नजर गेलेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकवायची, म्हणून वेळेवर थेंब घालायचे, एवढंच हाती राहतं. या आजाराची खोड अशी की बहुतेकांची नजर कडेनं कमी होत येते. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मामाजी समोरच्या माणसाचा चेहरा ओळखतात आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळतात.

तर लेकीनं वही काढली. मधोमध रेघ मारली. एका बाजूला संभाजीनगर, दुसऱ्या बाजूला नागपूर. तिचा कौल आधीच ठरलेला होता. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेली मुलगी. तिला वेरूळ पाहायचं होतं. तिनं मांडलेला बेतही मला मान्य करावा लागला इतका नेटका होता. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. तेव्हा रविवारी दुपारपर्यंत शहर गाठायचं. बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहायची. सोमवारी वेरूळ आणि लागूनच असलेलं घृष्णेश्वर, म्हणजे मामाजींना ज्योतिर्लिंगाचं दर्शन. मंगळवारी सकाळी अजिंठा आणि तिथूनच बुलडाणा, मेहकरवरून घरी. जाताना वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान. वार उलटे पडले असते तर सगळाच बेत फसला असता. तिच्या वहीत ते नीट मांडलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण इतक्या लांब जाऊन लेण्यांचं बंद फाटक बघून परतलेली माणसं मला माहीत आहेत.

आणि वेरूळ म्हणजे तरी काय! एकूण चौतीस लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, तिन्ही शेजारी शेजारी. सोळावं लेणं कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. मंदिर बांधलेलं नाही, कोरून मोकळं केलेलं. डोंगर वरून खाली खोदत आणायचा आणि मधे मंदिर शिल्लक ठेवायचं. त्या खोदकामाचा चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. पायापासून कळसाकडे नाही तर कळसापासून पायाकडे. मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुलं विचारतात, "बाई, वरचा एखादा दगड चुकून जास्त फुटला असता तर?" यावर माझ्याजवळ उत्तर नसतं. स्वतः मी ते पाहिलेलं नव्हतं.

नागपूरच्या रकान्यात धाकट्यानं लिहिलं : मेट्रो, गोरेवाडा, अजब बंगला. गोरेवाड्याला वाघ आहेत, अजब बंगल्यात पेंढा भरलेले प्राणी आहेत, मेट्रोला बैल लागत नाहीत, अशी त्याची कारणं. मी दीक्षाभूमी लिहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला ती जागा. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं आपल्या आजी-आजोबांबरोबर तिथे जाऊन आलेली आणि मी बाई असून गेलेली नव्हते. ह्यांनी संत्र्याची बर्फी लिहिली आणि पुढे कंसात 'बहीण'. माझी नणंद नागपूरला असते.

नणंदेचं घर हे नागपूरच्या बाजूनं धरायचं की विरुद्ध, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. मुक्काम फुकट, जेवण घरचं, म्हणून बाजूनं. पण पाहुण्याच्या घरी गेलं की सहल राहत नाही, पाहुणचार सुरू होतो. सकाळी पोह्यांनाच दहा वाजतात. "आज कुठे जाता, आज तर आलात," यात पहिला दिवस जातो. "उद्या निघणार, मग आज घरीच बसू," यात दुसरा. आणि घरातल्या बाईनं स्वयंपाकघरात शिरायचं ते शिरायचंच, गाव फक्त बदलतं. श्रोत्यांमधल्या भगिनींना मी काय म्हणते ते कळेल.

वहीतले गुण मोजले. संभाजीनगरचे जास्त भरले. बघण्यासारखं जास्त, मामाजींना देवदर्शन, लेकीला लेणी. मामाजींसाठी म्हणून आम्ही अजिंठ्याच्या पायऱ्यांना डोलीही मिळते का याची चौकशी केली. मिळते. दौलताबादचा किल्ला आम्हीच गाळला, कारण त्यातला भुयारी अंधार मार्ग डोळे धड असणाऱ्यालाही चाचपडायला लावतो. सगळं ठरलं. आणि मग हे सहज मामाजींना सांगायला गेले की रविवारी सकाळी निघायचंय, घृष्णेश्वराचं दर्शन होईल.

मामाजी ओसरीवर बसले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर्शन चांगलंच हाय. पन मले इचारता त मी म्हणन, नागपूरले चाला."

ह्यांना वाटलं, लेकीची आठवण येत असेल. म्हणाले, "ताईकडे पुन्हा जाऊ की."

"ताईसाठी नाही. मी तीन खेपा नागपूरले गेलो. एकदा कोरटाच्या कामानं. एकदा कापसाच्या मोर्चात. अन् एकदा तुह्या मायले घेऊन. पन नागपूर काही पाह्यलं नाही म्या." आणि थांबून म्हणाले, "रामटेक बाकी हाय."

श्रोतेहो, या तीन खेपा आमच्याकडच्या बहुतेक घरांच्या आहेत. शेताचा वाद वाढला की तो हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जातो. भावाचा प्रश्न पेटला की हिवाळी अधिवेशनावर मोर्चा जातो. आणि इथल्या डॉक्टरांनी हात टेकले की रुग्ण नागपूरला जातो. आमच्या तोंडी 'नागपूरला न्यावं लागलं' या वाक्याचा अर्थ एकच असतो. सासूबाईंना असंच न्यावं लागलं होतं. आठ वर्षांपूर्वी. बावीस दिवस त्या तिथल्या एका दवाखान्यात होत्या. मामाजी पूर्ण वेळ सोबत, पायरीवर झोपणं, डबा आला तर जेवण. त्या वॉर्डात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती, रामटेकची. ती दिवसभर गावाबद्दल बोलायची. डोंगरावर रामाचं देऊळ, खाली तळं, तळ्याच्या काठानं देवळंच देवळं, वरून वारा कसा येतो आणि माकडं हातातला प्रसाद कशी पळवतात. सासूबाई ऐकायच्या. त्यांनी मामाजींना म्हटलं होतं, बरी झाले की घरी जाताना मला रामटेकवरून न्या. त्या घरी आल्या त्या रुग्णवाहिकेतून, सरळ रस्त्यानं.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आठ वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि रामटेक हा काही आपण होऊन बोलायचा विषय नव्हता.

आता आली खरी अडचण. मामाजींचं ऐकायचं तर लेकीची वही बंद करायची. हे तिला समजावायला गेले, "वेरूळ कुठे पळून जातं का? बाराशे वर्षं तिथेच आहे." ती म्हणाली, "वेरूळ नाही पळत बाबा. पण पुढच्या वर्षी माझी दहावी आहे. मग बारावी. मग तुम्हीच म्हणाल, आता कॉलेजातून जा." तिचं काय चुकलं सांगा. आमच्या घरात दर तीन-चार वर्षांनी एखादी सुट्टी जुळते. 'पुढच्या वेळी' या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा?

त्या रात्री मला झोप आली नाही. दोन शहरांत चांगलं कोणतं, हा प्रश्न आम्ही आठ दिवस घोळवत होतो आणि तोच प्रश्न फसवा होता. दोन्ही शहरं चांगलीच आहेत. बघायचं होतं ते हे, की यातलं थांबू शकणारं काय आणि न थांबणारं काय. लेकीची दहावी संपेल, तिची नजर शाबूत आहे, पायात बळ आहे. वाट पाहणं तिला जड जाईल, पण ती पाहू शकेल. मामाजींची नजर दर तपासणीला थोडी थोडी कमी दाखवली जातेय. त्यांच्यासाठी पुढची वेळ असेलही, पण त्या वेळी दिसेल काय? सकाळी मी तिला एवढंच सांगितलं. गोड लावून सांगितलं नाही. ती रडली नाही, पण दिवसभर बोलली नाही. वहीचं पान मात्र तिनं फाडलं नाही.

रविवारी पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो. समृद्धीवर रात्रीचा प्रवास आम्ही करत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस माणसं गेली, तेव्हापासून हा आमच्या घरचा नियम आहे. रस्ता सरळ, मधे ना गाव ना वळण. चालवणाऱ्याला डुलकी कधी लागते ते कळत नाही. निघण्याआधी टायर तपासून घ्यायचे, तासा-दीड तासानं थांबायचं, आणि कुणीतरी चालकाशी बोलत राहायचं. ते काम धाकट्यानं केलं. त्याला गप्प बसवणं हेच खरं तर अवघड.

नणंदेचा रुसवा आम्ही आधीच ओढवून घेतला होता. मुक्कामाला दीक्षाभूमीच्या बाजूला एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि तिला सांगितलं, रविवारी रात्री जेवायला येतो. "सख्ख्या भावानं गावात येऊन लॉजवर राहायचं? शेजारी काय म्हणतील?" असं पाऊण तास ऐकून घेतलं. शेवटी मामाजींनीच फोन घेतला आणि म्हणाले, "बाई, यावेळी मी तुह्याकडं नाही, नागपूरकडं आलो." ती हसली आणि मिटलं. कुणाला हा मार्ग पटो न पटो, मला विचाराल तर छोट्या सुट्टीत एक जेवण नातेवाइकांचं आणि मुक्काम आपला, हे प्रमाण बरं.

दीक्षाभूमीचा स्तूप मी पहिल्यांदा पाहिला. घुमटाखाली गेलं की आवाज आपोआप खाली येतो. मामाजी म्हणाले, पेरणीला त्यांच्या शेतावर येणाऱ्या एका म्हाताऱ्या गड्यानं त्यांना छप्पन सालची गोष्ट सांगितली होती, पायी किती दिवस चालले, भाकरी कशा बांधून नेल्या. तो गडी गेला. मामाजींनी हात जोडले ते त्याच्या वतीनं, असं ते म्हणाले. संध्याकाळी मेट्रो. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. धाकट्यानं खिडकीचं नाक सोडलं नाही. मामाजींना खिडकी नको होती. समोरच्या बाकावरची माणसं बघत बसले. म्हणाले, "मोर्चाच्या वेळी याच रस्त्यानं चाललो. तवा फक्त पुढच्याची पाठ दिसे."

सोमवारी रामटेक. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, ईशान्येला. सोमवार हा संग्रहालयांच्या सुट्टीचा वार, म्हणून शहर मंगळवारवर ठेवलं आणि रामटेक मधे घेतलं. गाडी गडावर बरीच वरपर्यंत जाते. पुढच्या पायऱ्या मात्र चढाव्या लागतात. मामाजींचा एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसरा हात लेकीच्या हातात. ती कालपासून कामापुरतंच बोलत होती. प्रत्येक पायरीला "आता एक, आता उंच, आता सपाट" एवढंच.

या गडाबद्दल मी तिला मुद्दाम काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. 'मेघदूता'तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. पण मला सांगायचं होतं ते वाकाटकांचं. दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं आणि त्यांच्या दोन शाखा होत्या. एकीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं आजचं नगरधन. दुसरीची राजधानी वत्सगुल्म. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम! नंदिवर्धनाच्या शाखेत प्रभावतीगुप्ता ही राणी झाली, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून तिनं स्वतः कारभार केला. तिचा एक ताम्रपट या गडावरच्या रामगिरीस्वामींच्या पायांशी बसून दिलेला आहे. आणि वत्सगुल्माच्या शाखेत हरिषेण राजा झाला. त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळावं लेणं या वराहदेवानं कोरवून घेतलं, तसा लेख तिथे आहे.

लेकीनं प्रथमच मान वर केली. "म्हणजे अजिंठा वाशिमवाल्यांचा?"

"निदान एक लेणं तरी."

"आणि हे यांच्या भावकीचं?"

"हो. आपण मधोमध."

तिनं काही उत्तर दिलं नाही. पण केवल-नरसिंहाच्या वाकाटककालीन देवळापाशी ती थांबली आणि पिशवीतून तिची वही काढली.

दर्शन झालं. मग मामाजींना आम्ही कठड्याच्या आतल्या बाजूला, सावलीत बसवलं. वारा होता. त्यांनी समोर पाहिलं. त्यांना समोरचा आकाशाचा तुकडा आणि दूरची झाडं दिसत असणार. बाजूचं काही नाही. त्यांनी नातीला विचारलं, "खाली तळं हाय का?"

ती म्हणाली, "आहे आजोबा. उजवीकडे, मान थोडी वळवा. अजून."

त्यांनी मान वळवली. खांदेही वळवले. बराच वेळ शोधल्यावर त्यांना ते सापडलं असावं, कारण त्यांची मान स्थिर झाली. अंबाळा तलाव. "काठानं देवळं हायेत?"

"आहेत. खूप. मोजू?"

"मोज."

ती मोजू लागली. मोजता मोजता सांगू लागली. हे कळसाचं, हे बसकं, याच्या पायऱ्या थेट पाण्यात गेल्यात, तिथे कुणीतरी लुगडं धुतंय, ते लाल आहे. मामाजी ऐकत होते आणि मान हलवत होते. एखाद्या हिशेबाची टाचणी लावून बघावी तसं, त्या बाईनं सांगितलेलं आणि नात सांगतेय ते ते जुळवून बघत होते. माकडांचा विषय निघाला तेव्हा मागून एका वानरानं धाकट्याच्या हातातलं नारळाचं शकल खरोखरच ओढून नेलं. तो ओरडला. मामाजी हसले. इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. "तिनं सांगितलं तसंच हाय सगळं," एवढंच म्हणाले. दुपारचे थेंब घालायची वेळ झाली होती. मी ते घातले.

मंगळवारी अजब बंगला पाहिला. १८६३ सालचं हे मध्यवर्ती संग्रहालय. धाकटा प्राण्यांकडे, लेक दगडी मूर्तींकडे. ह्यांची बर्फी झाली. जेवून निघालो आणि दिवेलागणीच्या आत शेलूबाजारच्या फाट्यावर उतरलो. खर्च बाराऐवजी पावणेचौदा हजार झाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

या प्रवासातून मला काही फार मोठं सापडलं असं मी म्हणणार नाही. पण दोन गावांमधून एक निवडायचं असेल तर आता मी रकाने उलटे मांडीन. आधी गावांची नाही, बरोबरच्या माणसांची नावं लिहीन. प्रत्येकाला विचारीन, तुझं काय बाकी आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आपणच देवदर्शनाच्या रकान्यात टाकून मोकळं व्हायचं, ही माझी सवय सोडीन. आम्ही मामाजींच्या वतीनं ज्योतिर्लिंग निवडलं होतं आणि त्यांना हवा होता एक डोंगर, ज्याची गोष्ट त्यांनी दवाखान्यात ऐकली होती. वार, वेळा, बंद-उघड्याच्या तारखा हे सगळं पाहावंच. माझ्या लेकीइतकं नीट पाहावं. पण ते नंतर.

आणखी एक. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं डोळ्यांतला दाब तपासून घ्यावा, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. तो दुखत नाही, म्हणून उशिरा कळतो. मामाजींचं निदान झाल्यावर ह्यांनीही तपासून घेतलं आहे.

लेकीचं देणं आमच्यावर आहे. ते विसरलेलो नाही. तूर विकली गेली की एक शनिवार-रविवार, फक्त वेरूळ. अजिंठा नाही, कारण तिथल्या चित्रांचा उजेड मंद आणि मामाजींना तो पुरायचा नाही. कैलास भर उन्हात उभा आहे, तो त्यांनाही दिसेल. मान वळवून वळवून का होईना. तारीख तिनंच काढायची, असं ठरलंय. तिनं वहीतल्या त्या पानावर मंगळवारावर काट मारून ठेवली आहे आणि खाली लिहिलंय, 'आजोबांना हत्ती डावीकडून दाखवायचे.'